आवाज गिळणारा डबा

मित्रांनो, पिकअप गाडीचे बॉनेट उघडले की सगळ्यांचे लक्ष आधी इंजिनाकडे जाते. त्याच्या शेजारी काळ्या प्लॅस्टिकचा एक डबा असतो आणि त्याच्यातून एक जाड नळी इंजिनाकडे जाते. तो डबा म्हणजे मी. आता मी जुना झालो आहे. माझी एक क्लिप तुटली आहे, तिथे तार बांधली आहे.

माझा जन्म कारखान्यात साच्यात झाला. माझ्या पोटात घड्याघड्यांचा कागदी फिल्टर बसवला आणि मला या गाडीत जोडले. इंजिनालाही श्वास लागतो. बाहेरची हवा आधी माझ्या पोटात येते, धूळ कागदात अडकते आणि स्वच्छ हवा पुढे जाते. हे माझे एक काम. दुसरे काम फारसे कुणाला माहीत नसते. इंजिन जोरात हवा ओढते तेव्हा मोठा घुरघुराट होतो. माझ्या नळीला एक पोकळ फुगवटा आहे, त्यात तो घुरघुराट शिरतो आणि तिथेच जिरतो. म्हणून गाडीत बसलेल्या माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येते.

आमच्या गाडीत बोलणे भरपूर होते. माझे मालक पोल्ट्रीतून अंडी भरून शहरातल्या बेकऱ्यांना पोचवत. मालकीणबाई शेजारी बसत. खड्डा दिसला की त्या म्हणत, "अहो, हळू."

"दिसतोय मला."

"दिसतोय तर मग त्यातूनच का नेताय?"

असे रोज चालायचे. विषय संपले की बाई कालचेच पुन्हा काढत, आणि मालक ते नव्याने ऐकल्यासारखे ऐकत. पत्र्याच्या अलीकडे बसून मीही ऐकत असे.

वाटेत चढावर खडी फोडण्याचे यंत्र होते. तिथली पांढरी धूळ सगळीकडे शिरायची. म्हणून सुट्टीच्या दिवशी मालक माझा फिल्टर काढून झटकत आणि बाई तो उन्हासमोर धरून बघत. घड्यांमधून उजेड दिसला तर ठीक, नाहीतर नवा आणायचा. "आपल्या अंगणापेक्षा याचं पोट स्वच्छ आहे," असे त्या एकदा म्हणाल्या होत्या. मित्रांनो, डब्याचे कौतुक कोण करतो? मला ते फार दिवस पुरले.

पुढे बाई आजारी पडल्या. त्या दवाखान्यात होत्या आणि मुलगी त्यांच्याजवळ होती. एका सकाळी बाईंनीच मालकांना कामावर पाठवले, बेकऱ्या खोळंबतील म्हणाल्या. शेवटच्या बेकरीच्या दारात मालकांना फोन आला. सगळे संपले होते. मालक स्टिअरिंग धरून बसून राहिले. इंजिन बंद करायचेही त्यांना सुचले नाही. मी कितीतरी वेळ उगाच हवा ओढत राहिलो.

त्यानंतर गाडीत बोलणे उरले नाही. एकदा मालक स्वतःशीच म्हणाले, "वाट बघत गेली असणार." तेवढेच. सुट्टीला मुलगी मदतीला यायची आणि मध्येच म्हणायची, "बाबा, त्या दिवशी आई..." की मालक लगेच म्हणत, "मागे ट्रे सरकले का बघ." ट्रे सरकलेले नसायचे.

माझ्याकडेही कुणी पाहीनासे झाले. फिल्टर धुळीने गच्च भरला, गाडी चढावर धापा टाकू लागली. शेवटी मालक गॅरेजमध्ये आले.

गॅरेजवाला तोंडाने मोकळा होता. त्याने फिल्टर बाहेर काढला. तो तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता. "काका, नाक दाबून डोंगर चढायला लावताय गाडीला," तो म्हणाला. नवा कागद बसवला की काम भागेल, असे त्याचे म्हणणे. पण मालकांना दुसरे काय काय मिळते ते बघायचे होते.

त्याने टेबलावर एकेक वस्तू मांडली. आधी धुऊन वापरायचा कापडी फिल्टर. तो माझ्याच पोटात बसतो आणि हवा जरा जास्त सोडतो, पण धुतल्यावर नेमके तेल लावावे लागते, नाहीतर बारीक धूळ आत जाते. मग काचेच्या कडेने टपापर्यंत जाणारी उभी नळी. वरची हवा कमी धुळीची, त्यामुळे खडीच्या रस्त्याला चांगली, पण तिच्यासाठी पत्र्याला भोक पाडावे लागते. तिसरा एक मोठा बंद डबा, पुढून गार हवा आणणारा. "अंड्यांच्या गाडीला याचा फरक पायाला कमी आणि खिशाला जास्त जाणवेल," गॅरेजवाला म्हणाला. शेवटी एक चकचकीत, शंकूसारखा उघडा फिल्टर. त्याला डबाच लागत नाही.

"हा नुसता ओरडतो," तो म्हणाला. "इंजिनाजवळची गरम हवा ओढतो, धुळीत लवकर भरतो. पोरं आवाजासाठी बसवतात."

मालकांनी नेमका तोच उचलला. "किती ओरडतो?"

गॅरेजवाला हसला. "काका, अंडी पोचवायचीत की शर्यत लावायचीय?"

"गाडीत फार शांत वाटतं रे," मालक म्हणाले.

गॅरेजवाल्याचे हसू गेले. त्याने निमूटपणे तो शंकू बसवला. मला पुसून मालकांच्या हातात दिले आणि सांगितले, हा टाकू नका, थोडे दिवस चालवून बघा.

मागे ट्रे होते, म्हणून मालकांनी मला पुढच्या सीटवर ठेवले. इतकी वर्षे ज्या जागेचे बोलणे मी ऐकत आलो, त्या जागेवर मी बसलो होतो. पण ऐकायला काही नव्हते. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की सगळी केबिन गरजायची, आणि मालक पाय दाबतच होते.

सुट्टीला मुलगी आली. तिने मला मांडीवर घेतले. खडीच्या चढावर ट्रक अडकल्याने रांग लागली होती. आमची गाडी जागेवर उभी होती. मुलीने पुन्हा बोलायला सुरुवात केली, आणि मित्रांनो, मालकांनी उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला. ती थांबली की ते पाय काढत, ती बोलू लागली की पुन्हा दाबत. असे दोनदा झाले. मग तिने हात पुढे करून चावी फिरवली. इंजिन बंद पडले.

"बाबा, हे ओरडून सांगता येण्यासारखं नाही," ती म्हणाली.

मालकांनी पेडलवरचा पाय काढून घेतला.

"आई जाईल असं मला आधीच कळलं होतं. मी फोन हातात घेतला होता. ती म्हणाली, नको करू, आत्ता ते चढावर असतील. घाईघाईत चालवत येतील आणि कुठेतरी धडकतील. म्हणून मी केला नाही." ती मालकांकडे वळली. "तुम्ही माझ्यावर रागावलाय ना? म्हणूनच बोलू देत नाही ना?"

मालकांनी नाही अशी मान हलवली.

"तुझ्यावर कशाला रागावू, बाळा. मला वाटलं, ती माझ्यावर रागावून गेली."

"तुम्ही कुठे असाल तेच बघत होती ती घड्याळात."

"चढावरच होतो," मालक म्हणाले. "खरंच, चढावरच होतो मी."

पुढची रांग हलली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. दोघांपैकी कुणीही चावीला हात लावला नाही.

परत येताना मालक गॅरेजमध्ये थांबले. गॅरेजवाल्याने विचारले, आवाज कमी पडला का? मालक म्हणाले, नाही, पोरीचं बोलणं ऐकू येईना. त्याने मला माझ्या जागी बसवले आणि पोटात साधा नवा कागद घातला. तेवढ्यानेच गाडी चढ नीट चढली.

मित्रांनो, गाडी दमली असे वाटले की नवे काही आणण्याआधी तिचा फिल्टर काढून बघा. बहुतेक वेळा ती बिचारी नुसती धूळ खात असते. माणसांचे मला फारसे कळत नाही. पण कुणी काही सांगू लागले की पाय दाबू नका, इंजिन बंद करा. थोडा उशीर होईल. मागचे लोक हॉर्न वाजवतील. वाजवू देत.