तीन नंबरचा रिले

मोटार जळाल्याचा वास मोतीलाल शेठच्या दालमिलच्या फाटकापाशीच हिलाल वायरमनच्या नाकात शिरला. चोवीस वर्षं मोटारींच्या जळक्या तारांच्या वाइंडिंगा उपसून त्यानं पोट भरलं होतं, तरी या वासाची त्याला अजून किळस यायची. आत गेला तर डाळ वर चढवणाऱ्या तीन नंबरच्या एलिव्हेटरची मोटार काळं तोंड करून पडलेली, आणि माणसं मात्र सगळी उजळ माथ्यानं उभी.

मॅनेजर शालिग्रामनं कारण आधीच शोधून ठेवलं होतं. एलिव्हेटरच्या पायथ्याशी झाडणाऱ्या बेबाबाईनं पोत्यांची सुतळी आत जाऊ दिली, पट्ट्यावरच्या बादल्या अडकल्या, मोटार गेली. बाई उद्यापासून बंद. आता फक्त वहीत लिहायचं राहिलं होतं. शेठची शिस्तच तशी. मिलमध्ये काही मोडलं की दुरुस्ती करणाऱ्यानं वहीत कारण लिहायचं आणि ज्याची चूक त्याचं नाव घालायचं. नाव पडलं की माणूस गेला. आठ वर्षांत त्या वहीत एकाही मॅनेजरचं नाव नव्हतं. हमाल, झाडणाऱ्या बाया आणि एकदा उंदीर, एवढ्यांनीच काय ती मिल मोडली होती.

बेबाबाई रोज धरणगावहून पॅसेंजरनं यायची. ती भिंतीशी उभी होती, पण रडत नव्हती.

"सुतळी ते रोज जास, भाऊ," ती म्हणाली. "आजलगून कधी मोटार जळनी का?"

प्रश्न बरोबर होता. हिलालनं पॅनेल उघडलं.

गेल्या दिवाळीत शेठनी चार एलिव्हेटरांच्या चार मोटारींना मिळून एकच ड्राइव्ह बसवला होता. वेग कमी-जास्त करणारी ती पेटी पाहायला नशिराबादपर्यंतचे मिलवाले येऊन गेले, आणि पूजेत तिच्या तोंडाला इतकं कुंकू फासलं की आकडे वाचायला बोटानं पुसावं लागायचं. पेटी हुशार, पण ती मोजते चौघींची बेरीज. वरणबट्टीच्या पंगतीत आचाऱ्यानं एकूण बट्ट्या मोजाव्यात, तसं. तिघं अर्धपोटी उठले आणि एकानं बारा हाणल्या, तरी आचाऱ्याचा हिशेब बरोबरच. फुटतं ते त्या एकाचं पोट. म्हणून हिलालनं प्रत्येक मोटारीवर आपापला ओव्हरलोड रिले बसवला होता. एकीनं जरी जास्त करंट ओढला, तरी तिचा रिले ड्राइव्हला सांगणार आणि चौघी थांबणार.

तीन नंबरच्या रिलेची पिवळी खूण बाहेर आलेली होती. म्हणजे त्यानं आपलं काम केलं होतं. पण त्याच्याकडून ड्राइव्हकडं जाणाऱ्या दोन वायरी कुणीतरी एकमेकींना पिळून वर टेप मारला होता, म्हणून त्याचा निरोप ड्राइव्हला पोचलाच नव्हता. सकाळी माल तीनवरच होता, बाकीच्या तिघी रिकाम्या फिरत होत्या. बेरीज हद्दीत बसली आणि मोटार भाजली.

वायरी कुणी जोडल्या, असं हिलालनं विचारलं. शालिग्रामचं तोंड जरासुद्धा उतरलं नाही.

"तुम्हीच सांगितलं ना, हिलालभाऊ. धुळ्याहून."

हिलालला तो फोन आठवला. धुळ्यात मेहुण्याच्या पोरीची हळद होती. मेहुण्याच्या शेजाऱ्याच्या फोनवर शालिग्राम रडत होता, की रिले घटकाघटकाला चौघींना थांबवतोय आणि तुरीच्या पोत्यांची थप्पी लागलीय. पान वाढलेलं होतं. हिलाल म्हणाला होता, तीनच्या दोन वायरी जोड, दिवस काढ, उद्या येतो. त्या उद्याला दीड महिना झाला. शालिग्रामनंही आठवण दिली नव्हती. मिल न थांबता चालते म्हणून शेठ त्याची पाठ थोपटत होते.

खरी किळस पुढंच होती. एलिव्हेटरच्या फिरत्या दांड्याला सुतळी गुंडाळलेली होतीच. 'सुतळी, बेबाबाई' एवढं लिहिलं तर एक अक्षर खोटं ठरलं नसतं. शालिग्रामनं वही पुढं सरकवली आणि पेनाचं टोपणसुद्धा आपण काढून दिलं. असली सेवा त्यानं शेठचीही केली नसेल.

हिलालनं लिहिलं: 'तीन नंबरचा रिले वायर जोडून निकामी केला होता. सांगणारा हिलाल. जोडणारा शालिग्राम. सुतळी रोजच जाते, रिले त्यासाठीच असतो.' खाली सही केली.

शेठ आले, त्यांनी दोनदा वाचलं. पान फाडून दुसरं लिहून घेता येईल, असं शालिग्राम पुटपुटला. पण हमालांनी पानं फाडू नयेत म्हणून शेठनी शालिग्रामच्याच हातानं पानांवर आकडे घालून घेतले होते. शेठ म्हणाले की शालिग्रामनं सांगितलं तेवढंच केलं, त्याला काय बोलायचं. बाईचं नाव वहीत नाही, म्हणजे ती राहील.

"आणि तुमचं नाव पडलं, हिलालभाऊ. या वहीचा कायदा तुम्हाला ठाऊक आहे."

उद्यापासून दुसरा वायरमन येणार होता. रिलेंचा जाच नकोच, ड्राइव्हमध्ये सगळं संरक्षण असतं, असं तो म्हणतो म्हणे. शालिग्रामनं मान डोलावली. त्याची मान त्याच कामाची होती.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी जाण्याआधी हिलालनं टेप सोलला, वायरी सोडवल्या आणि जागच्या जागी कसल्या. दुसरा माणूस त्या उद्या पुन्हा पिळणार, हे माहीत असून कसल्या. हात पुसत तो बाहेर निघाला तेव्हा बेबाबाई एलिव्हेटरच्या पायथ्याशी बसलेली होती. आभार मानले असते तर त्याला ओशाळं वाटलं असतं. तिनं मानले नाहीत.

"दुसरा दिन येवानं व्हतं ना, भाऊ," ती म्हणाली.

त्या दीड महिन्यापूर्वीच्या उद्याचं ती बोलत होती. उत्तराची वाट तिनं पाहिली नाही. झाकण उघडून हात आत घालून ती सुतळ्या उपसायला लागली.