भाव ऐकायची बाजू

डॉक्टरणीने माझ्या रुतिकाला बिछान्यातून उठायचं नाही असं सांगितलं, तेव्हा तिला सहावा महिना सरत होता. ती स्पेनमध्ये, एका लहान गावात. जावई अभिराम जहाजावर, तो येणार बाळंतपणानंतर. म्हणजे इथून कोणीतरी जायला हवं, आणि तिकिटाचे पैसे एकीपुरतेच. मी आई. मीच जाणार, त्यात विचारायचं काय?

पण विचारलं गेलं. आमच्या विहीणबाई विजयमाला, साताऱ्याकडच्या, शाळेत हेडबाई होत्या. त्या म्हणाल्या, मी जाते, मला परकी भाषा शिकायची सवय आहे. सवय त्यांना सगळ्याचीच आहे, एक गप्प बसायची सोडून. रुतिकाने फोनवर मला सांगितलं की तिथे इंग्रजीसुद्धा चालत नाही. बाजारहाट, औषधं सगळं बाहेरून आणायचं आणि ती पडून राहणार. शनिवारी ती माझी परीक्षा घेईल, मग व्हिसाचे कागद कोणाचे भरायचे ते ठरेल.

मी शाळा दुसरीत सोडली. पण चौतीस वर्षं मच्छी बाजारात गाळा चालवला आहे, हिशेबात मला कोणी फसवलेलं नाही. आकडे तर आकडे, म्हटलं. शिकवायला मिळाली कोण, तर माझीच सून गीतांजली. ती बेलापूरला ऑफिसात जाते आणि फोनवर कसली कसली भाषा शिकत बसते, त्यात स्पॅनिशही. सुनेसमोर पाटी धरायची वेळ आली, पण पोरीसाठी धरली.

उनो, दोस, त्रेस, क्वात्रो. एक, दोन, तीन, चार. भाकरी थापताना एक थाप, एक आकडा. चार दिवसांत दहापर्यंत पाठ झालं. क्वांतो क्वेस्ता म्हणजे केवढ्याला, कारो म्हणजे महाग. कारो मला फार आवडला. पण डोक्यात शनिवारच. एका गिऱ्हाइकाला पाचशेचा हलवा मासा तीनशेला देऊन बसले, जन्मात असं झालं नव्हतं. गीतांजली सारखी म्हणायची, तुम्ही बोलता झकास, पण मी बोलले की ऐकत नाही. मी म्हटलं, तू आधी भात बघ, करपतोय.

शनिवारी रुतिका फोनच्या पडद्यावर आली. चेहरा सुकलेला, उशीला टेकलेली. म्हणाली, मी दुकानदार, तू टोमॅटो घे. मी ठसक्यात विचारलं, "क्वांतो क्वेस्ता?"

"क्वात्रो," ती म्हणाली.

"दोस," मी म्हटलं.

"आये, मी किती सांगितले?"

"तू कितीपन सांग. मी दोस देनार."

गीतांजली मागे हसली. रुतिका नाही हसली.

"आये, हितं भाव होत नाय. आनि टोमॅटोचं सोड. औषधवाल्यानं दिवसाला तीन गोळ्या सांगितल्या नि तू दोन ऐकल्यास, तर मी काय करू?"

 मग तीच म्हणाली, सोमवारी विजयमालाबाईंना कळवते.

फोन ठेवला आणि मला कळलं काय झालं ते. चौतीस वर्षं भाव मी सांगितला आणि ऐकला लोकांनी. दुसऱ्याने सांगितलेला आकडा म्हणजे माझ्यासाठी निम्मा करायची वस्तू. तो आधी नीट ऐकायचा असतो, हे माझ्या कानांना ठाऊकच नव्हतं. मी आकडे शिकले तेही विकणारीसारखे.

रविवारी गीतांजलीला सुट्टी. तिला बाजारात नेली आणि माझ्या गाळ्यावर माझ्या पाटावर बसवली. मी समोर जाऊन उभी राहिले, जिथे गिऱ्हाईक उभं राहतं तिथे. पायांखाली बर्फाचं पाणी वाहत होतं, इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं की गिऱ्हाइकाच्या चपला एवढ्या भिजतात.

ती मासळीच्या एकेका वाट्यावर बोट ठेवून आकडा सांगायची, मी तेवढी बोटं वर करायची. सेइसला, म्हणजे सहाला, सात केली. त्रेसला दोन. शेजारची दमयंती सुरी थांबवून म्हणाली, "शकुबाय, सुनंनं दुकान घेतला काय गो?"

"घेतला. तुजापन घेईल, दम काढ."

पण मान खाली गेली होती. तरी हटले नाही. दुपारपर्यंत कोलंबी संपली, बर्फ संपला, तेव्हा कुठे दहातले आठ बरोबर यायला लागले. दहातले आठ. उरलेल्या दोनांत माझ्या पोरीच्या गोळ्या होत्या.

सोमवारी मीच व्हिडिओ फोन लावला. अजून कळवलं नसशील तर एकदा ऐक, म्हटलं. रुतिका दमलेल्या आवाजात आकडे सांगत गेली, मी तोंड न उघडता बोटं वर करत गेले. सिएते, सात. त्रेस, तीन. मग ती एकदम म्हणाली, "ओन्थे."

हा दहाच्या पुढचा. गीतांजलीने मला तो एकदाच सांगितला होता. हात हवेत तसेच राहिले. अंदाजाने काहीतरी ठोकून द्यावं असं जिभेवर आलं होतं. गिळलं.

"ओत्रा वेथ, पोर फावोर," मी म्हटलं. पुन्हा सांगा, कृपा करून. हे वाक्य गीतांजलीने दिलं तेव्हा मी म्हटलं होतं, हे मला कधी लागायचं नाही.

रुतिकाने परत सांगितलं, हळू. मी माझी दहाही बोटं वर केली. मग गीतांजलीचा हात धरला आणि त्याचं एक बोट शेजारी उभं केलं.

रुतिकाने पडद्यावरची बोटं मोजली.

"आये," ती म्हणाली, "पासपोर्ट कुठं हाय तुजा? नंबर सांग."

पत्र्याच्या पेटीतून मी तो काढला. गीतांजली वाचायला पुढे वाकली. तिला म्हटलं, थांब, हा मी सांगते, आणि एकेक आकडा बोट ठेवून सांगितला, दोनदा.