धुरपताबाईची मोजणी

माळवाडीच्या अंगणवाडीला सेविका नव्हती, त्याला आता आठ महिने झाले होते. जुन्या बाई निवृत्त झाल्या, गावानं हार घालून त्यांना एस्टीत बसवलं, आणि त्यांची खुर्ची जी रिकामी झाली ती झालीच. कार्यभार शेजारगावच्या ज्योतीबाईंकडे गेला. त्या मंगळवारी अन् शुक्रवारी यायच्या, मोबाईलवर लेकरांची वजनं भरायच्या आणि "माझी तिकडली चाळीस वाट बघून राहिलीत" म्हणत पदर खोचून निघायच्या. उरल्या दिवसांत बावीस लेकरं, खिचडीचं पातेलं आणि मदतनीस धुरपताबाई खिल्लारे.

धुरपताबाई सातवी शिकलेली. तिला नेमलं होतं ते झाडलोट करायला, घरोघरच्या लेकरांना हाका मारून आणायला, खिचडी शिजवायला. पण खिचडी शिजेस्तोवर बावीस लेकरांनी काय भिंतीकडं बघत बसायचं? तिनं चिंचोक्यांची रास मांडली. स्वतः जुळवलेलं गाणं म्हटलं. आणि एकच नेम घातला, हात हालल्याबिगर तोंड हालायचं न्हाई. एक चिंचोका या राशीतून त्या राशीत गेला, की मगच पुढचा आकडा.

आज मात्र तिनं अंगण दोनदा झाडलं होतं. पर्यवेक्षिका पल्लवी मॅडम येणार होत्या. सेविका नाही, लेकरं काही शिकत नाहीत, असं त्यांनी लिहिलं तर माळवाडीची अंगणवाडी ज्योतीबाईंच्या केंद्राला जोडायची, असं वरून ठरत होतं. ते केंद्र हमरस्त्याच्या पल्याड. वारंगा फाट्याकडं ट्रका धडधडत जातात तो रस्ता तीन वर्षांचं लेकरू कसं ओलांडणार? कुणी धाडणारच नाही. लेकरं मायसंगं बांधावर जातील, मातीत बसतील, अन् तिथंच मोठी होतील.

मॅडम आल्या तेव्हा बारा वाजले होते. वय तिशीच्या आतबाहेर, चपलांवर तीन गावांची धूळ. शेजारच्या पर्यवेक्षिकेचीही जागा रिकामी, म्हणून दोघींचं काम ही एकटीच ओढत होती.

"मावशी, मुलांना शिकवतं कोण?"

"शिकवत न्हाई, मॅडम. आमी नुसतं खेळून राहिलो."

मॅडमनी पुढच्या ओळीतल्या सृष्टीला उभं केलं. "बाळा, मोज बरं."

सृष्टीनं फ्रॉक सावरला. "लाभ, दोन, तीन, चार..."

"थांब. लाभ काय? एक म्हण."

"लाभ," सृष्टी ठामपणे म्हणाली. तिला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून की काय, सगळी बावीस लेकरं एका सुरात ओरडली, "लाभ! दोन! तीन!"

दारात हसण्याचा गडगडाट झाला. सृष्टीचे आजोबा किसनराव, नातीची विसरलेली वाटी घेऊन आले होते. "घ्या! माह्या खळ्यावरची मोजणी आणली की हिनं शाळेत! धुरपते, उद्या लेकरं दुकानात जाऊन लाभ रुपयाची गोळी मागतील!"

धुरपताबाईच्या कानशिलांना झळ लागली. तीस वर्षं तिनं याच किसनरावांच्या खळ्यावर ज्वारी उफणली होती. खळ्यावर पहिलं माप टाकताना कुणी एक म्हणत नाही; लाभ म्हणतात, रास वाढावी म्हणून. तिच्या हाताला मोजणी ठाऊक होती ती तेवढीच. पुस्तकातली मोजणी एकपासून सुरू होते, हे गाणं जुळवताना तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मॅडमचा पेन कागदाला टेकला.

"चूक माझी हाय, मॅडम," ती पुढं झाली. "लेकरांची न्हाई. पण लिहायच्या आदी एवढं करा. त्यांना मोजायला नका लावू. आणायला सांगा."

मॅडमनी पेन उचलला. सकाळपासूनच्या तीन केंद्रांत मुलांनी पन्नासपर्यंत धडाधड म्हणून दाखवलं होतं, आणि पाच खडे आणा म्हटल्यावर ओंजळ भरून आणली होती. त्यांनी सगळ्यात बारक्या पोराला, आयुषला बोलावलं. "मला सात चिंचोके दे."

आयुष राशीपाशी फतकल मारून बसला. गाणं त्याच्या तोंडी आपसूक आलं, मागून बाकीच्यांनी धरलं:

लाभाचं पहिलं माप, काळ्या भुईच्या ओटीला
दुसरं गं माप बाई, चिमणीच्या चोचीला
तिसरं गं माप बाई, माहेरच्या लेकीला

प्रत्येक मापाला चिमुकला हात हालत होता. सातव्या मापाला थांबला. मॅडमनी चिंचोके ओढून घेतले, उगाच खालीवर केले, एक हळूच मुठीत दडवला आणि बाकीचे परत मांडले. "आता बघ, बरोबर आहेत का?"

आयुषनं बोट फिरवलं. कपाळाला आठी घातली. मग मॅडमच्या मुठीवर बोट टेकवून म्हणाला, "एक तुमीच घेतला."

मॅडम हसत हसत चटईवरच बसल्या. किसनरावांचा हात वाटीसकट दारातच थबकला होता.

"'एक' येतो की ह्याला, मावशी!" मॅडम म्हणाल्या.

"मी तर कधी सांगितला न्हाई, मॅडम," धुरपताबाई म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला नवा वाटला. "त्यानं घरून आणला आसंल."

मॅडमनी अहवाल मांडीवर घेतला. 'केंद्र याच ठिकाणी सुरू ठेवणे आवश्यक,' त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. "शेवटचा निर्णय वरचा. पण माझं म्हणणं मी लावून धरीन. आणि खोटं सांगत नाही, सेविकेची जागा तुम्हाला मिळणार नाही. त्याला बारावी लागते."

"जागा कुणालाबी द्या, मॅडम. लेकरं तेवढी रस्त्यापल्याड नेऊ नका."

पुढचा रकाना होता शिकवणाऱ्याच्या नावाचा. पेन ज्योतीबाईंच्या नावापाशी घुटमळला, पुढं सरकला. 'धुरपताबाई जळबा खिल्लारे.' सगळी अक्षरं धुरपताबाईनं उभ्यानं वाचली. नाव पूर्ण होतं. नवऱ्याचं होतं, आडनाव होतं, आणि त्याच्यापुढं मदतनीस असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

"पुढच्या सोमवारी बैठकीला या. हे चिंचोके घेऊन."

"येतेच की मी. च्या करायला."

"चहा दुसरं कुणी करील. तुम्ही सेविकांना हे शिकवायचं."

मॅडमची गाडी धूळ उडवत गेली. किसनरावांनी वाटी सृष्टीच्या हाती दिली, घसा खाकरला. "त्या फाट्यावरच्या इंग्रजी शाळेची गाडी लावणार होतो हिला. ऱ्हाऊ दे म्हणतो."

"ऱ्हाऊ द्या, दादा." धुरपताबाईनं पातेल्याखालचा जाळ मागं ओढला. "पण उद्यापून टाइमावर धाडा. साडेनऊ म्हंजे साडेनऊ. तुमचं धा न्हाई चालायचं हितं."

"व्हय, बाई," किसनराव म्हणाले, आणि चपला घालायला खाली वाकले.