दाबा आणि सोडा

ढब्बू हे नाव त्याला आत्यानं ठेवलं तेव्हा तो रांगत होता. पुढे तो वाळला, त्याला चष्मा लागला, प्लास्टिकच्या बाटल्या करणाऱ्या कारखान्यात तो डिझाइन विभागाचा प्रमुख झाला (विभागात तो एकटाच होता, ही गोष्ट वेगळी), तरी आत्याच्या लेखी तो ढब्बूच राहिला. आत्या जन्मभर टेलिफोन ऑपरेटर. तिनं लोकांना "थांबा" म्हणायचं आणि लोकांनी थांबायचं, यात तिची उमर गेली. आपलं कोणी ऐकणार नाही, ही शक्यताच तिच्या डोक्यात कधी शिरली नव्हती.

आणि अशा बाईचं तिच्या स्वतःच्या हातानं ऐकायचं सोडलं. तिला काचबिंदू झाला. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालायला सांगितला. आत्याचा हात असा कापायचा, की औषध गालावर पडे, कानात जाई, उशीला पाजलं जाई, डोळा तेवढा कोरडा राही. "थेंब चुकत राहिले तर नजर जाईल," डॉक्टर म्हणाले, "घालणारं कोणीतरी हवं." झालं! आत्याची बॅग भाच्याच्या घरी आली.

"माझा थेंब माझा मला घालता आला, की त्या दिवशी मी माझ्या घरी," उंबऱ्यातच तिनं बजावलं.

तिचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पण तिथं खुर्ची कुठं ठेवायची हे ती ठरवायची. इथं खुर्च्यांच्या जागा आधीच ठरलेल्या होत्या, म्हणून तिनं मिठाच्या डब्याची जागा बदलण्यापासून सुरुवात केली. ढब्बूची बायको स्वभावानं गरीब, पण तिनंही एकदा स्वयंपाकघराला कुलूप लावायची भाषा केली. तेव्हा मात्र ढब्बूनं मनावर घेतलं. हातात धरायचं एक यंत्र करायचं. डोळ्यावर टेकवलं की कापऱ्या हातानंही बरोबर एकच थेंब पडला पाहिजे, तोही डोळ्यातच. मालकांनी कल्पना उचलून धरली. "खपेल," ते म्हणाले. मालकांना एवढंच कळायचं, पण ते पक्कं कळायचं.

पहिलं यंत्र झालं ते जाड पेनाएवढं. टोकाला एक छोटी वाटी, ती डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकवायची आणि बटण दाबायचं. दाबलं की छान 'टक्' वाजे. त्या आवाजावर मालक बेहद्द खूश होते. आत्याचा डोळा मात्र त्या 'टक्'ला गच्च मिटायचा आणि थेंब पापणीवर बसून राहायचा.

"आधी दार ठोकून घाबरवतोस," आत्या म्हणाली, "आणि मग म्हणतोस, आत का नाही घेतलं?"

ढब्बूनं आवाज काढून टाकला. मग थेंब पडला की नाही हेच तिला कळेना, म्हणून ती पुन्हा दाबायची, परत दाबायची. औषध घशात उतरून कडू लागलं की तिची खात्री पटायची.

ढब्बू डोकं धरून बसला आणि बसल्या बसल्या त्याला सुचलं. हात हलतो तो दाबताना. बोट ढिलं सोडताना हात सगळ्यात शांत असतो. म्हणजे दाबल्यावर थेंब नुसता मापून घ्यायचा, आणि बटण सोडलं की डोळ्यात टाकायचा! त्या आनंदात तो जेवायचा विसरला. नव्या यंत्रावर त्यानं ठळक अक्षरांत छापून घेतलं : दाबा आणि सोडा.

आत्यानं ते मोठ्यानं वाचलं. मान मागे टाकली. दाबलं आणि सोडलं. यंत्र तिच्या नाकावरून घरंगळत फरशीवर गेलं आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"अगं, बटण सोडायचं!" ढब्बू ओरडला.

"मग 'बटण सोडा' असं लिही ना! 'सोडा' म्हणालास, सोडलं. अख्ख्या नोकरीत मी सांगितलेल्या शब्दाच्या बाहेर गेले नाही."

पुढच्या यंत्राला त्यानं बोटात अडकवायचा पट्टा लावला, आणि 'बटण' हा शब्दही. आधी कारखान्यातच परीक्षा घ्यायची ठरली. कापरा हात तिथं एकच, मालकांचा, आणि तोही फक्त रागात कापे. ढब्बूनं त्यांच्या हातात साध्या पाण्याचं यंत्र दिलं आणि प्लास्टिकच्या वाढलेल्या भावाचा विषय काढला. मालक थरथरायला लागले. थेंब डोळ्यात. मग त्यानं त्यांच्या जावयाचा विषय काढला. पुन्हा थेंब डोळ्यात, आणि एकच.

ते यंत्र त्याच संध्याकाळी घरी जायला हवं होतं. ढब्बूनं ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि घरी जाऊन सांगितलं, "अजून जमत नाही गं. स्प्रिंग दगा देतेय."

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्याचे कान लाल झाले. पण आत्याला कान कुठले दिसायला! खरं सांगायचं तर तिनं जावं असं त्याला आता वाटतच नव्हतं. सकाळ-संध्याकाळ ती त्याच्यापुढे मान मागे टाकून बसे. जन्मात कोणाचं न ऐकलेली बाई, त्यानं "वर बघ" म्हटलं की मुकाट्यानं वर बघे. थेंब मुरेपर्यंत डोळे मिटून ती त्याच्या वडिलांबद्दल बोले. ते लहानपणी कसे रडके होते, शाळा बुडवून कुठं लपायचे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना मूल म्हणून पाहिलेलं जगात आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. ढब्बूला ते ऐकायचं होतं. बायकोचाही विरोध मावळला होता. मिठाचा डबा नव्या जागीच बरा, हे तिनं खासगीत मान्य केलं होतं.

सगळं बिंग मालकांनी फोडलं. यंत्राच्या खोक्यावर आत्याचा फोटो छापायचा म्हणून ते सुट्टीच्या दिवशी घरी आले.

"काय आत्याबाई, बसलं का यंत्र हातात?" खुर्चीवर टेकता टेकता ते म्हणाले. "माझ्यापुढे तर जावयाचं नाव काढलं तरी माझा नेम चुकत नाही!"

ढब्बू चष्मा पुसायला लागला. मालकांना काहीच कळलं नाही. चहा पिऊन, फोटो काढून ते निघून गेले. फोटोत आत्या फार रागीट आली.

"औषध घालतोस म्हणून मी डोळे उघडे ठेवले," दार लागल्यावर ती म्हणाली, "आणि तू त्यात धूळ फेकलीस."

"आत्या, तिकडे तू एकटी..."

"एकटी नाही. माझी मी असते." तिनं बॅग पुढ्यात ओढली. "दाबून ठेवायला बरं जमतं रे तुला. सोडायला कधी शिकणार? उद्या मला घरी सोड."

दुसऱ्या दिवशी खणातलं यंत्र बरोबर घेऊन त्यानं तिला सोडलं. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिनं आधी खिडकी उघडली, मग खुर्ची ओढत खिडकीशी नेली, आणि ती मनासारखी होईपर्यंत तीनदा हलवली. मग पट्टा बोटात अडकवला. मान मागे, वाटी डोळ्यावर, दाबलं, बटण सोडलं. उजवा डोळा झाला. डावा झाला. हात कापत होता, पण थेंब जागच्या जागी पडले. ढब्बूला कुठं नाव ठेवायला जागा नव्हती. त्यानं बॅग कोपऱ्यात ठेवली आणि चपला शोधायला लागला.

"ढब्बू," आत्या गाल पुसत म्हणाली, "तुझं यंत्र बिघडलंय. एकाच्या जागी दोन थेंब पडले."

त्या यंत्रात दोन थेंब मावतच नाहीत. थेंब मापायचं भोक त्यानं स्वतः पाडलं होतं. त्यानं आत्याकडे पाहिलं. आत्या खिडकीबाहेर पाहत होती.

"असेल," तो म्हणाला. "स्प्रिंग असेल. उद्या संध्याकाळी येऊन बघतो."

"ये. एका फेरीत दुरुस्त होईलसं मला वाटत नाही."