लिंबात उतरलेलं रक्त

"उतरलं, उतरलं! रगात उतरलं!"

कडावच्या कबड्डीच्या मैदानावर एकच गलका झाला. वनिताच्या डोक्यावरून ओवाळलेलं लिंबू कोंडाजी भगतानं कापलं होतं आणि त्यातून लालभडक रस ठिबकत होता. दोनच मिनिटांपूर्वी पकड करताना तिच्या कानशिलावर गुडघा बसला होता आणि ती आडवी झाली होती. आता ती उठून बसली होती.

"डोक्यात साकाळलेलं रगात लिंबात घेतलं," कोंडाजी छाती फुगवून म्हणाला. "आता पोरीला काय बी व्हायचं नाय!" गुण आला तर त्याच्या लिंबाचा, नाही आला तर पेशंटच्या नशिबाचा, असा त्याचा सोयीचा कारभार होता.

जगदीश सर तिचे प्रशिक्षक. डोक्याला मार लागल्यावर खेळाडूला काय विचारायचं, त्याचं शिबिरात मिळालेलं कार्ड त्यांच्या खिशात होतं. हात खिशाकडे गेलासुद्धा. पण अंतिम सामना, एका गुणाची पिछाडी आणि शेवटची चढाई! हात तसाच परत आला.

"खेळशील ना गं?"

"हां सर."

वनिता उभी राहिली आणि मध्यरेषेकडे पाठ करून, 'कबड्डी कबड्डी' म्हणत आपल्याच मुलींवर चालून गेली.

लोक हसले. बक्षीस द्यायला आलेल्या डॉक्टर पद्मजाताई मात्र धावत आत आल्या. "सामना कुणाशी आहे? मघाचा गुण कुणी घेतला?" वनिताला सांगता येईना. पाच शब्द सांगून परत विचारले, तर एकच आठवला. सरळ रेषेत चालताना तिचा तोल गेला.

"उठली म्हणजे बरी झाली असं नसतं, सर. अशा मारानंतर पुष्कळजण आपोआपच उठतात. पुन्हा मार बसला असता तर?"

सरांनी तिला आधार देऊन गाडीत बसवलं. दवाखान्याच्या वाटेवर वनितानं सहा वेळा विचारलं, "सर, आपण जिंकलो का?" दर वेळी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिनाभर तिला उन्हात डोळे उघडवत नव्हते. ती बरी झाल्यावर सरांनी त्याच मैदानात गाव जमवलं. पद्मजाताईंनी शिकवल्याप्रमाणे सुरीच्या पात्याला जास्वंदीचं फूल चोळलं, वाळू दिलं आणि लिंबू कापलं. लाल रस! सुरी धुऊन दुसरं कापलं. त्यात काहीच नाही. कोंडाजी हळूच मागच्या मागे निघून गेला.

"त्यानं तुम्हाला फसवलं," सर म्हणाले. "मला नाही. लिंबात रक्त उतरत नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मला सामना हवा होता."

त्यांनी ते कार्ड कर्णधार रूपालीच्या हातात दिलं. "डोक्याला मार लागला की खेळाडू बाहेर आणि थेट डॉक्टरकडे. मी 'खेळ' म्हटलं, तरी माझं ऐकायचं नाही."