पायपुसण्यावरचं लाल कार्ड

लाल कार्ड पायपुसण्यावर उलटं पडलं होतं, एक कोपरा ओला. नोरीनने ते लगेच उचललं नाही. अंगात कोट तसाच, हातात रिकामी पिशवी — बागेतल्या बाकावर दोन तास गारठून बसायचं आणि पिशवी मात्र बाजाराला निघाल्यासारखी मिरवायची, अडुसष्टाव्या वर्षी काय काय नाटकं करावी लागतात... गुडघ्यावर हात टेकून ती वाकली. आपण घरी नव्हतात, पार्सल शेजारी ठेवलं आहे, हे छापलेलं. खाली पोस्टमनच्या घाईच्या अक्षरात घराचा नंबर. नऊ हवा होता. तेरा होता.

तिने कार्ड खिडकीच्या उजेडात नेलं. तेराच.

मार्चपासून दर वेळी नऊच आला होता. तिचं घर अकरा; नऊ म्हणजे शेजारचा डेस्मंड हार्टली. पहिलं पार्सल खरंखुरं होतं — लेकीने, लॉर्नाने, पाठवलेल्या सपाता. नोरीन दाताच्या डॉक्टरकडे गेलेली, म्हणून पार्सल त्याच्याकडे. एक बटण तुटलेला स्वेटर घालून तो दारात आला आणि म्हणाला, "हलवून पाहिलं नाही हं नोरीनबाई, शपथेवर सांगतो." ती हसली. आपलं हसू आपल्याच कानांना परकं वाटलं, इतक्या वर्षांनी. चौतीस वर्षं नवऱ्याबरोबर, फ्रँकबरोबर काढली, भला माणूस, पण हसवायचं म्हणून त्याने एक शब्द खर्चला नाही, आणि अकरा वर्षांपूर्वी गेला तोही तसाच, काही न बोलता... उंबऱ्यावर चार मिनिटं, बस. आणि मग घरी येऊन सपाता न उघडता ती किती वेळ बसून राहिली होती. त्यानंतर तिने स्वतःच मागवलेली किटलीची लोकरी टोपी. पक्ष्यांचे दाणे. टाचण्या, एक डझन. लागत काहीच नव्हतं. पण या गल्लीत कारणाशिवाय कुणी कुणाचं दार वाजवत नाही. वाजवलंच तर आधी दोनदा माफी मागायची आणि मग बोलायचं. पार्सल हे कारण. पार्सल असलं की माफी लागत नाही.

आणि रविवारी लॉर्नाला कसं झापलं होतं! नवऱ्यापासून वेगळी राहते, तरी फोनच्या नकाशावर त्याचा ठिपका बघत बसते.

"आई, दोन तास तो ठिपका हललाच नाही गं. त्या बाईच्या गल्लीत."

"ठिपक्याशी कसला संसार करतेस? फोन ठेव आणि भांडी घास. पुरुषाची वाट बघत बसायला मी तुला जन्म दिला नाही."

"तू नाही का कधी कुणाची वाट बघितलीस?"

"मला वेळ नव्हता," नोरीन म्हणाली होती. खोटं नव्हतं ते. तेव्हा.

आता मीच बाकावर बसून घड्याळ बघते, तिच्या मनात आलं. पोस्टमन साडेदहा ते बाराच्या मध्येच येतो हे मला पाठ आहे. हे पार्सल सोमवारी यायचं, आलं नाही. म्हणून सोमवार, मंगळवार आणि आज, तिन्ही दिवस तो बाक, ती कबुतरं... ठिपका तरी उबेत बसून बघता येतो.

पण तेरा का? कंटाळला असेल. पोस्टमनला सांगितलं असेल — त्या बाईचा पसारा माझ्याकडे नको. कानाच्या पाळ्या तापल्या. पंधराव्या वर्षी हॅलिफॅक्सच्या गालिच्याच्या गिरणीत लागले, पुढे चाळीस पोरी माझ्या आवाजाला टरकायच्या, माझ्या तोंडावर दार लावायची कुणाची छाती झाली नाही, आणि हा... बटण न लावता हिंडणारा...

तेरा नंबरच्या युनिसने दार उघडलं ते तोंड सुरू ठेवूनच.

"या राणीसरकार! माझं घर म्हणजे पोस्टाचं गोदाम वाटलं का गं तुम्हा दोघांना?"

"दोघांना?"

युनिस बाजूला झाली. कोटांच्या खुंट्यांखाली दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली होती. एकावर तिचं नाव. दुसऱ्यावर डेस्मंड हार्टली, घर नंबर नऊ.

"सोमवारपासून रोज! साडेदहा वाजले की टोपी घालून निघतो. लायब्ररीत बसतो, उबेला. पोस्टमन म्हणतो, नवात कुणी नाही, अकरात कुणी नाही, म्हातारे तूच घे. काल काय मागवलं होतं ठाऊक आहे? बुटाच्या नाड्या. नाड्या गं! कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात की. आणि न्यायला आला की तोंड पाडून विचारतो, 'अकराकडे नाही का ठेवलं?'" युनिसने डोळे बारीक केले. "बरोबर जाता की काय कुठं?"

"तुझी जीभ एक दिवस मीच कापीन युनिस."

"काप. आधी चहा घे."

चहा तिने घेतला नाही. घरी येऊन खोकं टेबलावर ठेवलं, खुर्चीत बसली. आनंद व्हायला हवा होता. आला तो थकवा, पायांतून वर चढणारा. दोन म्हातारी माणसं, एक बागेत, एक लायब्ररीत, दोघंही आपापलं घर रिकामं ठेवून, दुसरा घरी असेल या भरवशावर... कुणीतरी घरी राहायला हवं. एवढी साधी गोष्ट. पण घरी राहायचं म्हणजे वाट बघायची. आणि ती तर लॉर्नाला...

तिने कोट काढला, नेहमीच्या खुंटीवर न लावता वर कपाटात नेऊन ठेवला. जिना उतरताना मध्येच थांबली. तो तेराकडे पार्सल न्यायला जाईल तेव्हा युनिस त्यालाही सांगेलच — सांगितल्याशिवाय राहील का ती? मग उद्या तोही घरीच थांबेल. पोस्टमन ज्याचं त्याला देऊन जाईल. आणि मग कुणीच कुणाचं दार वाजवणार नाही.

जिन्यावरच बसली ती. नऊ नंबरचं दार डोळ्यांपुढे होतं, हिरवं, मधोमध पितळी कडी. हातात काही नाही, कार्ड नाही, खोकं नाही. पहिलं वाक्य काय? मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं, दोन्हीदा माफीनेच सुरू झालं. तिसऱ्यांदा मनातच ती नुसती उभी राहिली, त्या दारासमोर, माफी नाही, काहीही न म्हणता. आणि तिच्या लक्षात आलं की मघाशी तापलेले कान केव्हाच निवलेत.