चोवीस इंच

इद्रीस आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकायच्या कामावर होता. एकोणीसशे सव्वीसच्या उन्हाळ्यात तो लंडनची फेरी करून रत्नागिरीला, खाडीकाठच्या आपल्या घरी आला, आणि येताना बायकोला कंबर आवळायचं विलायती कॉर्सेट घेऊन आला. जाड कापड, आत पोलादी पट्ट्या, पाठीवर आवळायच्या नाड्या. झुबेदाला तो शब्द काही म्हणता येईना. ती त्याला पट्टाच म्हणे.

इद्रीसनं तिची कंबर मोजली. एकतीस भरली. मग कपाटाच्या दाराला आतून त्यानं खडूनं आकडे लिहिले, तीस, एकोणतीस, असे थेट चोवीसपर्यंत.

"दर महिन्याला एक इंच," तो म्हणाला. "मी परत येईन तेव्हा चोवीस पाहिजे. मुंबईत फोटो काढू. बोटीवरच्या लोकांना दाखवीन."

झुबेदा तेव्हा लाजली होती. पुढं ते आठवलं की तिला स्वतःचाच संताप येई.

नाड्या आवळायचं काम इद्रीसनं आपल्या थोरल्या विधवा बहिणीवर, शमीमवर सोपवलं. शमीम रोज सकाळी भावजयीच्या पाठीत गुडघा रोवून ओढी. लावणीच्या दिवसांत झुबेदा ताठ काठीसारखी चिखलात उभी राही. वाकली की पट्ट्या बरगड्यांत रुतत. भाकरी अर्ध्यावर टाकावी लागे. श्रावणाअखेर एकोणतीस झाली.

घरात दोघींनाही अक्षरओळख नव्हती. पत्र यायचं ते पोस्टमन रामा ओटीवर बसून वाचून दाखवायचा. त्या दिवशी शेजारच्या चार बाया गोळा झाल्या होत्या. रामानं सुरुवात केली आणि तो अडखळला.

"वाच की रे," शमीम म्हणाली.

"झुबेदाची कंबर किती झाली ते कळवणे," रामानं खाली मान घालून वाचलं. "कमी झाली नसेल तर शमीमआपानं आणखी आवळावी."

बायांनी तोंडाला पदर लावले. झुबेदाच्या कानांतून वाफा निघाल्या. तिला ताप येऊन गेला होता, म्हैस मेली होती, हे रामाकडून कळवूनही त्याबद्दल पत्रात एक शब्द नव्हता.

भातकापणीला पट्टा सत्ताविसावर आला आणि दुपारच्या उन्हात झुबेदा विळ्यासकट आडवी झाली. शमीमनं धावत येऊन नाड्या कापल्या. चोळी वर केली तर बरगड्यांवर जखमा, त्यात कापड चिकटलेलं. शमीम ते कापड हलक्या हातानं सोडवू लागली.

"बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते तर सोडणार होतात, आपा?"

 दुसऱ्या दिवशी झुबेदानं रामाला बोलावून चार बायांदेखत पत्र सांगितलं. "लिही. कंबर एकतीस. तेवढीच राहील."

होळीच्या सुमारास इद्रीस आला तो धुमसतच. "बोटीवर चार माणसांत माझी इज्जत घालवलीस! किती सांगितली होती?"

"चोवीस." झुबेदानं पट्टा त्याच्यासमोर आपटला. "नव्या नाड्या ओवल्यात. आधी तुम्ही घाला."

"डोकं फिरलंय तुझं?"

"घाल," शमीम दारातून म्हणाली. "मी आवळते. तूच सांगितलं होतंस मला."

थोरल्या बहिणीपुढं त्याचं काही चालेना. दोघींनी ओढून ओढून पाठीवर नाड्या बांधल्या. झुबेदानं विहिरीकडं बोट केलं. "दहा कळश्या पाणी आणा. मी पाच महिने आणलं."

तिसऱ्या कळशीला इद्रीसचं तोंड काळंनिळं पडलं. कळशी फुटली. तो विहिरीच्या कठड्याला धरून धापा टाकत राहिला. शमीम सोडवायला पुढं झाली तशी झुबेदानं तिचा हात धरला.

"थांबा. अजून सात राहिल्यात."

शेवटी शमीमनंच नाड्या सोडल्या.  रजा उरलेली असताना आठव्या दिवशी इद्रीस मुंबईला निघून गेला. पुढच्या पत्रात त्यानं ताप, पाऊस, भात सगळं विचारलं. माफी मात्र मागितली नाही. रामानं पत्र वाचून संपवलं आणि उत्तर लिहायला टाक उचलला.

"काय लिहू, वहिनी?"

"काही नको," झुबेदा म्हणाली. "त्यांना वाट बघू दे."